आजोबा कुठल्या पलटणीत होते? सामान्य सैनिकाची युद्धसेवा कशी शोधाल

पेण, रामवाडी, रोहा, माणगाव या पट्ट्यातल्या वाचकांकडून एक प्रश्न वरचेवर येतो. घरात वर्दीतला एक फोटो असतो, ट्रंकेत एखादे पदक असते. "आजोबा जर्मनच्या लढाईत होते" किंवा "पणजोबा बसऱ्याला गेले ते परत आलेच नाहीत" एवढेच ऐकलेले असते. पलटण कोणती, लढाई कोणती, पेन्शन होती की नाही, काहीच ठाऊक नसते. मग कुणी म्हणतो लंडनला लिहा, कुणी म्हणतो दिल्लीला, आणि कुणी इंटरनेटवर पैसे भरून मोकळा होतो.

अधिकाऱ्यांची माहिती छापील याद्यांत मिळते. साध्या शिपायाची, गोलंदाजाची किंवा खलाशाची वाट वेगळी असते. ती घरातून निघते, गावच्या दप्तरातून जाते, मग अभिलेख कार्यालयात पोहोचते आणि परदेशी संग्रहांकडे सर्वांत शेवटी वळते. या वाटेवर नावापेक्षा सैनिक नंबर आणि पलटण या दोन गोष्टींना जास्त किंमत आहे. एकाच पलटणीत गणपत जाधव पाच असू शकतात. त्यांतला तुमचा कोणता, हे नंबरावरून ठरते.

आधी हेतू ठरवा

कशासाठी शोधता आहात, त्यावर कुठल्या दारात जायचे ते ठरते.

- घराण्याचा इतिहास हवा असेल, तर पुढच्या सर्व पायऱ्या क्रमाने घ्या.
- आजी किंवा आई हयात असून पेन्शन वा मदतीचा प्रश्न असेल, तर आधी अलिबागचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा. इतिहास नंतर पाहता येईल.
- सैनिक युद्धात गेला आणि कबर वा स्मारक शोधायचे असेल, तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी पाहा. त्याविषयी पुढे सविस्तर दिले आहे.

पहिली पायरी : घर

ट्रंक, देव्हाऱ्यामागचा खण, जुन्या दस्तांचे गाठोडे, सगळे उघडून पाहा. चुलत घरांतही विचारा, कारण पदक एका भावाकडे आणि कागद दुसऱ्याकडे असे हमखास होते. शोधायच्या वस्तू अशा :

- डिस्चार्ज सर्टिफिकेट किंवा डिस्चार्ज बुक. नंबर, हुद्दा, पलटण, भरतीची व सुटण्याची तारीख, सुटण्याचे कारण अशा मुख्य गोष्टी यात एकत्र मिळतात.
- पेन्शनचे कागद. पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) नंबर मिळाला, तर निम्मे काम झाले समजा.
- पदके. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर ती मागच्या बाजूस असते. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश सैनिकांना नावाशिवाय मिळाली, पण भारतीय सैनिकांना दिलेल्या पदकांवर नाव कोरण्याची पद्धत होती. कडा भिंगातून वाचा. चिंच किंवा पॉलिश लावून घासू नका, कोरलेली अक्षरे त्याने झिजतात.
- पत्रे, मनीऑर्डरच्या पावत्या, फोटोमागचा शिक्का. स्टुडिओचे नाव बेळगाव, देवळाली किंवा कैरो असे असेल, तर तोही धागा आहे.

पदकाच्या नावावरून रणक्षेत्र कळते. बर्मा स्टार म्हणजे ब्रह्मदेशाची आघाडी, आफ्रिका स्टार म्हणजे उत्तर व पूर्व आफ्रिका, इटली स्टार म्हणजे १९४३ पासूनची इटलीची मोहीम. नुसते 'वॉर मेडल १९३९-४५' आणि 'इंडिया सर्व्हिस मेडल' असेल, तर सेवा बहुधा देशातच झाली.

संक्षेप वाचताना घ्यायची काळजी

- ३/५ एमएलआय म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. ही मांडणी १९२२ नंतरची आहे. त्याआधी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा स्वतंत्र क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. तीन आकडी क्रमांक दिसला, तर पहिल्या महायुद्धाचा काळ धरा.
- आयए किंवा आरआयए म्हणजे भारतीय तोफखाना. 'रॉयल' ही उपाधी १९४५ मध्ये लागली. आरआयएएससी मात्र तोफखाना नव्हे. ती रसद व वाहतूक पुरवणारी सर्व्हिस कोअर आहे. शेवटची अक्षरे फाटली असली, तर या दोहोंत हमखास घोटाळा होतो.
- १११ महार ही पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ पर्यंत मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभारली गेली. त्यामुळे "पणजोबा पहिल्या लढाईत महार रेजिमेंटमध्ये होते" असे ऐकले असेल, तर १११ महार किंवा कामगार पथके तपासा.
- मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांचीही कंपनी असे. कोकणी मुस्लिम वाचकांनीही त्या याद्या पाहाव्यात.

दुसरी पायरी : गाव, तालुका आणि जुना जिल्हा

रायगड हे जिल्ह्याचे नाव १९८१ पासूनचे आहे. त्याआधीच्या लष्करी कागदांवर 'कुलाबा' असते. इंग्रजीत त्याची सुरुवात कधी 'के'ने, कधी 'सी'ने होते. दोन्ही तऱ्हांनी शोधा. शिवाय आज रायगडात असलेली सगळी गावे तेव्हा कुलाब्यात नव्हती. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग जंजिरा संस्थानात होता. पाली-सुधागड भोर संस्थानात होते. तिथला सैनिक 'जंजिरा स्टेट' किंवा 'भोर स्टेट' असा नोंदलेला सापडेल. शेजारच्या रोह्याचा मात्र 'कुलाबा' म्हणून सापडेल.

आडनावांचीही तीच गत. पवारचे 'पोवार', जाधवच्या शेवटी 'ओ', चव्हाणच्या चार-पाच तऱ्हा. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले. काही ठिकाणी आडनावच नाही, फक्त स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. जुन्या काळच्या महार सैनिकांची नावे 'नाक' प्रत्ययाने संपतात, त्यांतही आडनाव नसते. म्हणून शोध सुरू करण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहा : नाव, वडिलांचे नाव, गाव, अंदाजे जन्मसाल. प्रत्येकापुढे त्याची सुचतील ती इंग्रजी रूपे मांडा.

गावात आणि तालुक्यात हे कागद पाहा :

- शाळेचे जनरल रजिस्टर. जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख मिळते. भरतीचे वर्ष त्याच्याशी ताडून पाहता येते.
- जन्म-मृत्यूची नोंद. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक मागा. जुन्या नोंदी मोडीत असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी मोडी दप्तरे मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहेत. तुमच्या तालुक्यातले मोडी वाचक कोण, हे कचेरीतच कळेल.
- सातबारा आणि फेरफार. सैनिकाला सरकारी जमीन मिळाली असेल, तर भोगवटादार वर्ग २ ची नोंद आणि तिचा फेरफार पाहा. फेरफारात जमीन कशासाठी दिली याचे कारण लिहिलेले असते.
- गावातली संगमरवरी पाटी. या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले आणि त्यांतले इतके कामी आले, असे सांगणारी पाटी काही गावांत शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत आहे. तिच्यावर बहुधा फक्त आकडे असतात. त्यावरून गावातून भरती झाली होती हे ठरते, तुमच्या आजोबांची सेवा ठरत नाही.

रामवाडीच्या वाचकाला पेणच्या तहसील कचेरीत सकाळचे काम उरकून वडखळमार्गे अलिबागला जाता येते. जाताना मूळ कागद घरी ठेवा, छायाप्रती न्या.

तिसरी पायरी : अभिलेख कार्यालय

सैन्यात प्रत्येक रेजिमेंटचे किंवा दलाचे स्वतःचे अभिलेख कार्यालय असते. सैनिक गावी परतला, तरी त्याची नोंद तिथेच राहते. कोकणातल्या घरांना लागणारी मुख्य ठिकाणे :

- मराठा लाइट इन्फन्ट्री : बेळगाव
- महार रेजिमेंट : सागर, मध्य प्रदेश
- तोफखाना : नाशिक रोड कॅम्प
- बॉम्बे सॅपर्स : खडकी, पुणे
- नौदलाचे नाविक : ब्यूरो ऑफ सेलर्स, मुंबई

पलटण ठाऊक नसेल, तर अंदाजाने पाच ठिकाणी अर्ज धाडू नका. आधी अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची जुनी नोंद आहे का, ते विचारा.

आजोबा तोफखान्यात होते असे ऐकले असेल तर

इथे थोडा इतिहास लागतो, कारण त्यावरून शोधाची दिशा ठरते. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांना तोफांपासून दूर ठेवले. अपवाद डोंगरी तोफखान्याचा. मुंबई इलाख्याची २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिलेली तुकडी त्यातलीच. तोफखाना आजही आपला दिन त्याच तारखेला पाळतो. डोंगरी तोफखान्यात भरती मुख्यतः पंजाबकडची असे. हिंदी जवानांची पहिली मैदानी तोफखाना तुकडी १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळूरला उभी राहिली. पुढे दुसऱ्या महायुद्धात तोफखाना झपाट्याने वाढला, आणि मराठ्यांच्या रणगाडाविरोधी रेजिमेंटही त्यात आल्या.

यावरून अनुमान असे :

- पहिले महायुद्ध आणि 'तोफखाना' असे ऐकले असेल, तर खेचर हाकणारा, दारूगोळा वाहणारा किंवा सर्व्हिस कोअरचा माणूस असण्याची शक्यता आधी तपासा.
- दुसरे महायुद्ध असेल, तर 'गनर' किंवा 'ड्रायव्हर' हा हुद्दा आणि रेजिमेंटचा क्रमांक शोधा. ड्रायव्हर म्हणजे तोफ ओढणारे वाहन चालवणारा, तोही तोफखान्याचाच.
- तोफखान्याच्या कागदावर लढाईचे ठिकाण क्वचितच असते. रेजिमेंट कोणत्या डिव्हिजनला जोडलेली होती ते पाहा. चौथी मराठा रणगाडाविरोधी रेजिमेंट इटलीत आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर होती. ही डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतोला उतरली आणि सांग्रो नदी, कॅसिनो, शेवटी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदी असा तिचा मार्ग आहे. आजोबांच्या डिस्चार्ज बुकावर ही रेजिमेंट सापडली, तर मार्गही सापडला.

चौथी पायरी : अर्ज आणि तुमचे हक्क

आधी साधे पत्र पाठवा. नाव, वडिलांचे नाव, गाव-तालुका-जिल्हा, नंबर, हुद्दा, भरतीचे व सुटण्याचे साल लिहा. नाते सांगणारा कागद जोडा. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. सैन्याची अभिलेख कार्यालये या कायद्याखाली येतात.

1. अर्ज केंद्र सरकारच्या माहिती अधिकार पोर्टलवरून किंवा टपालाने करा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही.
2. कार्यालय राज्याबाहेर असेल, तर अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा.
3. "सर्व माहिती द्यावी" असे लिहू नका. नेमक्या कागदाचे नाव घ्या : लाँग रोल या नोंदपुस्तकातील नोंदीची प्रत, शीट रोल या सेवापत्रकाची प्रत, मिळालेल्या पदकांची नोंद, सुटण्याचे कारण.
4. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो योग्य कार्यालयाकडे पाच दिवसांत वर्ग करणे त्यांचे काम आहे.
5. उत्तर न आल्यास किंवा पटले नाही, तर ३० दिवसांत पहिले अपील. त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील.
6. "वैयक्तिक माहिती आहे" म्हणून नकार आला, तर कलम ८(३) चा आधार घ्या. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती मोजके अपवाद सोडता द्यावी लागते, असे ते कलम सांगते.

"कागद नष्ट झाले" असे उत्तर आले तर

या उत्तराने बहुतेक वाचक थांबतात. ते खोटे असेलच असे नाही. पेन्शन न घेता सुटलेल्या सैनिकाचे सेवाकागद सुटल्यापासून २५ वर्षांनी नष्ट करण्याचा सैन्याचा नियम आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर घरी पाठवलेले असंख्य शिपाई याच गटात मोडतात. पण लाँग रोल हे नोंदपुस्तक कायम ठेवायचे असते. नंबर, नाव, गाव, भरती आणि सुटण्याची तारीख एवढे त्यात मिळते. म्हणून पहिल्याच अर्जात त्याचे नाव घ्या. शीट रोल शिल्लक असेल, तर त्यातला किंड्रेड रोल जरूर मागा. वारस आणि नातेवाईक त्यात लिहिलेले असतात.

पाचवी पायरी : सैनिक परत आला नसेल तर

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतील सुमारे १७ लाख मृतांची यादी विनामूल्य पाहता येते. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू त्यात धरले आहेत. अर्थात जो जिवंत परतला, तो या यादीत नसणारच.

- सरावासाठी नाईक यशवंत घाडगे यांची नोंद शोधा. माणगाव तालुक्यातील पळसगावचे घाडगे ३/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते कामी आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव कॅसिनो स्मारकावर आहे. नोंद कशी लिहितात, हे त्यावरून कळेल.
- आडनावाने सापडले नाही, तर पलटण निवडा आणि 'अधिक माहिती'च्या रकान्यात वडिलांचे नाव, गाव किंवा कुलाबा शोधा.
- मेसोपोटेमियातल्या मृतांसाठी बसरा स्मारक आणि फ्रान्समधल्यांसाठी नव्ह-शापेल स्मारक पाहा. बसऱ्याच्या दगडावर हिंदी शिपायांची नावे नव्हती, म्हणून फोटोत नाव दिसले नाही तरी यादी तपासा.
- किनाऱ्यावरच्या गावांनी खलाशांच्या याद्या विसरू नयेत. मुंबईतल्या खलाशांच्या गृहात पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धाची नामावलीही तिथे आहे.

नाव कुठेच नसेल, तर सेवा झालीच नाही असे मानू नका. हिंदी आणि आफ्रिकी मृतांपैकी हजारोंची नोंद नीट झाली नाही, हे आयोगाने २०२१ च्या अहवालात स्वतः मान्य केले आहे. पुरावा असेल, तर नाव समाविष्ट करण्याची विनंती आयोगाकडे करता येते.

कैदेत होते असे ऐकले असेल तर

पलटणीवरून पडताळा. १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कुतच्या वेढ्यात होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडल्यावर सुमारे १३ हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. दुसऱ्या युद्धात २/५ मराठा ही बटालियन जून १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तोब्रुकला शत्रूच्या हाती सापडली. पहिल्या महायुद्धाच्या कैद्यांची रेडक्रॉसची पत्रके जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय समितीने संकेतस्थळावर ठेवली आहेत.

लंडनकडे कधी वळायचे

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हिंदी शिपायांचे वैयक्तिक सेवाकागद नाहीत. तिथे पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या 'डब्ल्यूओ ९५' या मालिकेत आहेत. डायरीत रोजची हालचाल असते, पण नावे बहुधा अधिकाऱ्यांचीच. तेव्हा नंबर, पलटण आणि सेवेच्या तारखा हाती आल्यावरच तिकडे जा. तारखा आणि डायरी जुळवून तुम्ही लिहाल ते "पलटण त्या दिवशी तिथे होती" एवढेच. "आजोबा त्या लढाईत लढले" हे वाक्य वेगळा पुरावा मागते.

या चुका टाळा

- नावावरून घाई. नंबर किंवा वडिलांचे नाव आणि गाव जुळल्याशिवाय नोंद आपली मानू नका.
- पंजाबच्या याद्यांत शोधणे. तिथल्या लाखो सैनिकांच्या नोंदी इंटरनेटवर आहेत. त्यात कोकणातले नाव सापडायचे नाही.
- "इंग्लंडकडून थकबाकी मिळवून देतो" म्हणणारे एजंट. आगाऊ पैसे देऊ नका, मूळ कागद तर मुळीच नाही.
- पदक विकणे. विकण्याआधी निदान कडेवरची अक्षरे आणि दोन्ही बाजूंचे फोटो जपून ठेवा.

मदतीचे हक्क कोणाला

नातवंडांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा हक्क नसतो. सैनिकाची विधवा हयात असेल, तर मात्र एक दिवसही दवडू नका. दुसऱ्या महायुद्धातील पेन्शन नसलेल्या माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्य शासनाची मासिक मदत आहे. माजी सैनिक व विधवांसाठी घरपट्टी माफीची योजनाही आहे. सध्याची रक्कम आणि लागणारी कागदपत्रे अलिबागच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. सेवेचा पुरावा हरवला असला, तरी लाँग रोलची प्रत तिथे उपयोगी पडते.

शेवटी एक विनंती. घरातल्या वडीलधाऱ्यांना काय आठवते ते आजच लिहून घ्या, सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख घाला. डिस्चार्ज बुकाची आणि पदकाच्या कडेची स्वच्छ छायाचित्रे काढून एक संच गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवा. लाँग रोल आणखी काही वर्षे नक्की टिकेल. ट्रंकेतला कागद कोकणच्या पावसात टिकेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.